बाजूचा बाजा

मराठी माणसाला धंदा जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी मराठी माणसाचा जोडधंदा पाहिलेला नसतो. नुसता ‘धंदा’ म्हटला की आपल्या पोटात गोळा येतो; पण त्याच्या मागे ‘जोड’ लावा, की आपल्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. आमच्या गिरगावातल्या चाळीचंच उदाहरण घ्या. तळमजल्यावरचे गृहस्थ दिवसा पाणीखात्यात आणि संध्याकाळी पत्रिका पाहण्यात. त्यांच्या वरचे रेल्वेत होते आणि तबल्याच्या शिकवण्या घेत. समोरच्या खोलीतले मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि विम्याचे एजंट होते. वर्गातल्या पोरांना सूर्योदय काढायला सांगून ते त्यांच्या वडिलांच्या सूर्यास्ताचे हप्ते ठरवत बसायचे. आमच्या मजल्यावरच्या काकू तर मेतकूट, कुळथाचं पीठ आणि वधूवरांची स्थळं ही तिन्ही एकाच पिशवीतून नेतात. आणि मी. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. काउंटर तोच, गिऱ्हाईक तेच, शिव्याही त्याच. रिकाम्या वेळात विनोदी लेख लिहितो. रिकामा वेळ कुठला, हा प्रश्न आमच्या मॅनेजरसाहेबांनी विचारला होता. तो पुढे येईलच.

तर एवढ्या अनुभवानंतर माझा समज असा होता, की जोडधंद्याबद्दल मला कुणी काही शिकवण्याची गरज नाही. पण मला भाचा आहे. तो दादरला राहतो, वीस वर्षांचा आहे, इंजिनियरिंगला आहे आणि गिटार वाजवतो. गेल्या वर्षी त्याने मित्रांबरोबर बँड काढला. सहा महिन्यांनी म्हणाला, “मामा, मी एक साइड प्रोजेक्टपण सुरू केलाय.”

“मूळ बँडचे कार्यक्रम किती झाले?” मी विचारलं.

“अजून एकही नाही.”

मुख्य पीक उगवायच्या आधीच कुक्कुटपालन सुरू करणारा शेतकरी मी प्रथमच पाहिला.

“आमचं म्युझिक अल्टरनेटिव्ह रॉक आहे,” तो म्हणाला. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. मी कॉमर्सचा पदवीधर. पर्याय म्हटलं की मला प्रश्नपत्रिकेतला ‘अथवा’ आठवतो. पहिला प्रश्न येत नसेल त्याने दुसरा सोडवावा. तेव्हा पहिला प्रश्न कुठला, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मेनस्ट्रीम रॉक.” आणि मेनस्ट्रीम रॉक आपल्याकडे कुठे ऐकू येतो, असं विचारल्यावर तो जरा विचारात पडला. खरं आहे. आपल्याकडे मुख्य प्रवाह म्हणजे सिनेमाचं गाणं. ते वरातीत वाजतं, रिक्षात वाजतं, विसर्जनाला वाजतं. बाकी सगळंच ‘अथवा’. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा, काळे बनियन घातलेली पोरं रांगा लावायची, आणि रंगभवन आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही चाळीतल्या कुणाला त्याचा पत्ता नसायचा. पत्ता होता तो फक्त आवाजाचा.

भाच्याने मग मला समोर बसवून एक जुना अल्बम ऐकवला. जुना म्हणजे त्याच्या दृष्टीने जुना; २००७ सालचा. मुंबईत पेंटाग्राम नावाचा बँड आहे, १९९४ मध्ये सुरू झालेला. त्याचा गिटारवाला रँडॉल्फ कोरेया. त्याने मोनिका डोगरा या अमेरिकेत वाढलेल्या गायिकेला जोडीला घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटलं. बिऱ्हाडाचं नाव ‘शाएर अँड फंक’, आणि पहिल्या अल्बमचं ‘न्यू डे: द लव्ह अल्बम’. गिटार, संगणकावर बांधलेले ठेके, आणि वर मोकळ्या गळ्याने म्हटलेलं इंग्रजी. मला आवडलं. का आवडलं हे सांगता येणार नाही, पण कुणाला दाखवण्यासाठी गातोय असं त्यात वाटत नव्हतं. घरातली माणसं झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून दोघांनी हळूच काहीतरी तळून खावं, तसं ते होतं.

शेजारचे आजोबा दारातून जाताना थांबले. “कोण गातंय?”

“शाएर,” भाचा म्हणाला.

“शाहीर? परळचा का?”

आता हसण्यासारखं आहे, पण आजोबा फार लांब गेले नव्हते. शब्द एकच, फारसीतून आपल्याकडे येता येता त्याने फेटा बांधला, एवढंच. आणि परळ-लालबाग म्हणजे तर जोडधंद्याची राजधानी. अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले, त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर १९४४ मध्ये लालबावटा कलापथक काढलं. परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणी कामगारांनी पाळ्या सांभाळून नाटकं केली. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी तालमीला उभा राहायचा. त्याला कुणी ‘साइड प्रोजेक्ट’ म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, “साइड कुठली, साच्याची का पडद्याची?”

इथे खरा घोळ सुरू होतो. मुख्य कुठलं आणि जोड कुठलं, हे ठरवायचं कुणी? भाच्याने ऐकवलेल्या अल्बमचंच साल घ्या. २००७ मध्येच पेंटाग्रामचा स्वतःचा ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आला. त्याच बँडचा गायक विशाल दादलानी शेखर रावजियानीच्या जोडीने हिंदी सिनेमाला संगीत देतो. त्यांचा ‘ओम शांती ओम’ त्याच वर्षीचा. म्हणजे एका बँडच्या घरात एका वर्षात तीन चुली पेटल्या. शाहरुख खानच्या प्रेक्षकाला विचाराल तर तो म्हणेल, दादलानी संगीतकार आहे आणि फावल्या वेळात बँडमध्ये ओरडतो. काळ्या बनियनवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, आमचा विशाल मूळचा बँडवाला, सिनेमा आपला पोटापाण्यासाठी. आयकर खात्याला विचाराल, तर त्यांना दोन्ही सारखंच प्रिय.

पगार मिळतो ते मुख्य, ही कसोटी सोपी आहे. म्हणूनच मला तिचा संशय येतो. आमच्या शाखेतला शिपाई लालबागचा आहे. तो बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. गणपतीच्या दिवसांत बँकेवर दरोडा पडला तरी तो कामावर येणार नाही. त्या दिवसांत त्याला मिरवणुकीत पाहिलंत तर तुम्ही ओळखणार नाही. एरवी फाइल आणायला सांगितली तर अर्धा तास लावणारा हा माणूस, त्याची बोटं त्या तारांवर अशी पळत असतात, की खालच्या ट्रकला आपण मागे राहिलो असं वाटावं. हा इसम अकरा दिवस आपलं काम करतो आणि उरलेले ३५४ दिवस बँकेत जोडधंदा करतो. बँक मात्र त्याला ३५४ दिवसांचा माणूस समजते.

आणि कधी कधी जोडधंदाच मुख्य धंद्याची जागा बळकावतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले आणि बरेचसे पुन्हा आत गेलेच नाहीत. पंचवीस वर्षांनी, २००७ च्या डिसेंबरात, लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ नावाचा संगीताचा क्लब निघाला. चांगला होता म्हणतात. मुंबईतल्या या ‘अथवा’वाल्या मुलांना चांगला आवाज देणारी जागा प्रथम तिथे मिळाली. नऊ वर्षं चालून २०१६ ला तोही बंद पडला. जिथे कामगार दिवसा साचा चालवून रात्री भजन म्हणायचा, तिथे साचा गेला आणि गाणं तेवढं राहिलं. गाणाराही बदलला, आणि एका ग्लासाची किंमत ऐकून जुना कामगार आवाराच्या फाटकातच बसला असता. असो. हा विषय विनोदी लेखाला जड जातो.

भाच्याची अडचण मात्र वेगळीच निघाली. त्याला एक चाल सुचली होती. चांगली चाल. आयुष्यात चांगल्या चाली फार सुचत नाहीत हे वीस वर्षांच्या पोरालाही कळतं, म्हणून तो घाबरला होता. ती त्याने साइड प्रोजेक्टसाठी ठेवली. मूळ बँडच्या ड्रमवाल्याला ते कळलं आणि त्याने भांडण काढलं. “आमच्यासाठी शिळं आणि तिकडे ताजं?” दोघं पहिलीपासूनचे मित्र, एका बाकावरचे; आणि आठ दिवस बोलत नव्हते. माझी बहीण फोनवर म्हणाली, “अरे, पोरगा नीट जेवत नाही. तू जरा समजावून सांग.”

मी भाच्याला भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ समजावून सांगितला. हसू नका. त्यात कलम १६ आहे. भागीदाराने फर्मशी स्पर्धा होईल असा त्याच जातीचा धंदा केला, तर त्या धंद्यातला नफा त्याने फर्मला द्यायचा. कायद्याने जोडधंदा बंद करायला सांगितलेला नाही, फक्त हिशेब दे म्हटलंय. पण तो धंदा फर्मशी स्पर्धा करणारा हवा. भाच्याने ड्रमवाल्याच्या शेजारी मेतकूट विकलं असतं, तर कलम १६ लागू नव्हतं. आता एकाच गळ्यातून आलेली एक चाल दोन दुकानांत स्पर्धा करते की नाही?

“पण मामा, ती मला आंघोळ करताना सुचली. बँडच्या वेळात नाही.”

मुद्दा बिनतोड होता. आंघोळ ही फर्मची मालमत्ता नाही. पण ड्रमवाला तरी काय मागत होता? त्याला नफा नको होता. नफा दोन्हीकडे शून्यच होता. त्याला हे हवं होतं, की तुझ्या डोक्यात काही चांगलं आलं की आधी आम्ही आठवावं. हे कलम कुठल्याच अधिनियमात नाही. नवरा-बायकोच्या बहुतेक भांडणांत मात्र ते असतं.

या बाबतीत माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि ते भाच्यानेच मला पुरवलं. निर्वाणा या बँडचा ड्रमवाला डेव्ह ग्रोल. त्या बँडमध्ये गाणी लिहायचा कर्ट कोबेन. एवढा मोठा गीतकार घरात असताना ड्रमवाल्याने आपल्या चाली काढून दाखवायच्या म्हणजे भीमसेन जोशींच्या मैफलीत तंबोरेवाल्याने ‘मी पण एक बसवलंय’ म्हणण्यासारखं. तेव्हा त्याने बँडमध्ये असतानाच, १९९२ मध्ये, आपल्या गाण्यांची एक कॅसेट गुपचूप काढली. नाव ‘पॉकेटवॉच’, आणि त्यावर स्वतःचं नाव न घालता टोपणनाव घातलं: ‘लेट!’ उद्गारचिन्हासकट. हे ऐकल्यावर माझे डोळेच भरून आले. आयुष्यभर मस्टरवर ज्याच्या नावापुढे तांबड्या शाईने हाच शब्द लिहिला गेला, त्याला हा माणूस परका कसा वाटेल?

पण गंमत पुढेच आहे. त्या कॅसेटमधलं एक गाणं ग्रोलने मूळ बँडला दिलं. ते १९९३ मध्ये निर्वाणाच्या एका गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर मागच्या बाजूला आलं. गाण्याचं नाव ‘मॅरीगोल्ड’. म्हणजे झेंडू! आता मला सांगा, शाळामास्तर असलेल्या आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने काढलेल्या विडंबनांच्या पुस्तकाचं, १९२५ सालच्या ‘झेंडूची फुलें’चं, आणि या झेंडूचं काही नातं आहे का? मुळीच नाही. पण देवपूजेला गुलाब आणि दाराला झेंडू, ही जोडधंद्याची जागा दोन्हीकडे लोकांना बरोबर कळलेली दिसते. १९९४ च्या एप्रिलमध्ये कोबेन गेला, मूळ घरच राहिलं नाही. ऑक्टोबरात ग्रोलने आठवडाभरात एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला, जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून, आणि एकटा असूनही नाव घेतलं अनेकवचनी: ‘फू फायटर्स’. एकट्याने खिंड लढवायची आणि नाव मावळ्यांचं लावायचं. मग तेच त्याचं मुख्य घर झालं, एवढं मोठं, की २००६ मध्ये त्यातल्या ड्रमवाल्याने, टेलर हॉकिन्सने, स्वतःचा वेगळा बँड काढून पहिला अल्बम दिला. जोडधंद्याला जोडधंदा! कोंबड्यांनीच पुढे मधमाश्या पाळल्या.

हे वेगळं नाव घेण्याचं प्रकरण मात्र आपल्याला नवीन नाही. राम गणेश गडकरी एकच, पण नाटक लिहिताना गडकरी, कविता लिहिताना गोविंदाग्रज आणि विनोद लिहिताना बाळकराम. आजच्या भाषेत एक मुख्य बँड आणि दोन साइड प्रोजेक्ट. जयवंत दळवी अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात नोकरीला, स्वतःच्या नावाने कथा-कादंबऱ्या, आणि ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवायचे. मला वाटतं, यात एक सभ्यपणा आहे. आमच्या हिशेबात ‘गुडविल’ नावाची एक मालमत्ता असते. एका दुकानाचं गुडविल न सांगता दुसऱ्या दुकानात खर्च करायचं नाही, नवं दुकान आपल्या पायावर उभं राहतंय का ते पाहायचं, हा तो सभ्यपणा. अर्थात दुकान बुडालं तर नाव बुडत नाही, हाही एक फायदा आहेच. सभ्य माणसालाही फायदा झालेला चालतो.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं आणि म्हणालो, “तू त्या ड्रमवाल्याला एक झेंडू दे. पुढची जी चाल सुचेल ती त्याची. आणि ही चाल त्याला आधी ऐकव.”

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, पण तू पण तेच करतोस की.”

“मी काय करतो?”

“तुझे लेख. सगळा माल बँकेतून येतो. बँकेला काय देतोस?”

मॅनेजरसाहेबांचा प्रश्न तो हाच. सेवानियमांप्रमाणे मी परवानगीचा अर्ज दिलेला आहे, तो रीतसर मंजूर आहे, आणि माझ्या काउंटरची कॅश आजवर एका रुपयाने चुकलेली नाही. तरी लोक दोन बाजूंनी टोचतात. साहेब विचारतात, लिहायला वेळ कुठून मिळतो. आणि वाचक विचारतात, बँक सोडत का नाही. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, शिवाजी साटम सेंट्रल बँकेत; तेही सोडून गेलेच ना? वुडहाउससुद्धा हाँगकाँग बँकेच्या लंडन कचेरीत दोनच वर्षं टिकला. मी त्यांना टी. एस. एलियटचं नाव सांगतो. तो लॉइड्स बँकेत आठ वर्षं होता, १९२२ ची ती जगप्रसिद्ध कविता त्याने बँकेत असतानाच प्रसिद्ध केली, मित्रांनी वर्गणी काढून त्याला बँकेतून सोडवायचा घाट घातला तरी हा आपला तिथेच. माझी बायको म्हणते, “तुमच्यासाठी कुणी वर्गणी काढली तर आधी मला सांगा.” मला तर वाटतं, महिन्याच्या पगाराने पोट भरलेलं असल्यामुळेच मला संपादकाला हवं ते लिहावं लागत नाही. जोडधंद्याचं स्वातंत्र्य मुख्य धंदा पुरवतो. ‘न्यू डे’मध्ये मला जो मोकळेपणा ऐकू आला, त्याचं भाडंसुद्धा कुणी तरी कुठे तरी भरत असणारच.

पण भाच्याचा रोख बँकेकडे नव्हता. “बँक जाऊ दे,” तो म्हणाला. “त्या आजी? त्यांना काय दिलंस?”

त्या आजी म्हणजे आमच्या शाखेतल्या पेन्शनर. गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आल्या होत्या. हल्ली तो यंत्रावर अंगठा ठेवून होतो. यंत्र चार वेळा म्हणालं, जुळत नाही. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. तेव्हा आजी यंत्राला म्हणाल्या, “अरे बाबा, अंगठा झिजलाय, मी नाही!” सगळी शाखा हसली. मी बुबुळांच्या यंत्रावर त्यांचं काम करून दिलं, आणि घरी जाऊन ते वाक्य वहीत उतरवलं. पुढच्या दिवाळी अंकात माझा लेख आला. लोकांना त्यातलं दुसरं काही आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

मी भाच्याला म्हणालो, मी ते कुणाच्या खिशातून काढलेलं नाही. ते वाक्य हवेत विरून जायचं, मी टिपून ठेवलं. हे मला आजही पटतं. शिवाय त्यांचं काम मी आधी केलं, वाक्य मग लिहिलं. क्रम महत्त्वाचा आहे. भाच्याने ऐकून घेतलं आणि ड्रमवाल्याकडे चाल ऐकवायला निघून गेला.

या नोव्हेंबरात आजी पुन्हा आल्या. नातीने त्यांना अंक वाचून दाखवला होता.

“ती म्हातारी मीच ना?”

“हो आजी.”

“छान लिहिलंयस. किती मिळाले रे?”

“हजार.”

“आणि माझं वाक्य सोडून बाकीचं किती पानं आहे?”

“पाच.”

आजींनी मनातल्या मनात काही हिशेब केला. “अर्धे नकोत मला,” त्या म्हणाल्या. “वाक्याचे जे काय होत असतील ते टाक.”

मी हसलो. आजी हसल्या नाहीत. त्यांनी पासबुक काउंटरवरून माझ्याकडे सरकवलं.